७७ गिगाहर्ट्झचा रडार-अ‍ॅम्प्लिफायर: कोणते काम आधी, कोणते नंतर

मोटारीच्या रडारसाठी ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे अ‍ॅम्प्लिफायर डिझाइन करणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि नव्या अभियंत्यांची कामे माझ्याकडे तपासायला येतात. मुंबईतल्या महाविद्यालयांतली असोत की नोकरीत नुकत्याच रुजू झालेल्यांची, बहुतेकांचा सिद्धांत पक्का असतो आणि क्रम चुकलेला असतो. आधी स्किमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, काढायचे, त्यात आदर्श इंडक्टर आणि कपॅसिटर टाकून मॅचिंग, म्हणजे एका भागातून पुढच्यात सिग्नल पुरता जावा अशी इंपिडन्सची जुळणी, करायचे, आलेख देखणा दिसला की लेआउट, म्हणजे चिपवरच्या धातूंची प्रत्यक्ष मांडणी, करायचा, आणि मग ७७ वर असलेला गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढतो त्याचा, माथा ६८ वर का सरकला याचा शोध घेत दोन महिने घालवायचे, हा प्रकार इतक्यांदा पाहिला आहे की एकदा सगळा क्रम लिहून काढणेच बरे.

पाच गिगाहर्ट्झला खपून जाणारी ही सवय येथे का खपत नाही, ते तीन आकड्यांत कळते. चिपवरची अरुंद तार ढोबळमानाने दर मायक्रॉनला एक पिकोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स आणते. म्हणजे २० मायक्रॉनची तार ७७ गिगाहर्ट्झला जवळजवळ १० ओहम दाखवते. मोजणीची सुई, म्हणजे प्रोब, टेकवण्याच्या पॅडला ३० फेम्टोफॅरड कपॅसिटन्स असेल, तर त्याचा रिअ‍ॅक्टन्स ६९ ओहम होतो आणि तो ५० ओहमच्या वाटेला समांतर बसतो. चिपच्या ऑक्साइडमध्ये पाव तरंगलांबी अवघी ०.४९ मिलिमीटर भरते. लेआउटमधली प्रत्येक रेघ सर्किटचा भाग असते, आणि पुढचे सगळे टप्पे या एकाच कारणाने या क्रमात लावले आहेत.

## तयारी: सिम्युलेटर उघडण्याआधीचे तीन कागद

पहिला कागद सिग्नलच्या हिशेबाचा. रिसीव्हरच्या तोंडाशी बसणाऱ्या लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायरला, म्हणजे एलएनएला, जितका जास्त गेन तितके चांगले असे समजणारे अनेक जण भेटतात. पण मोटारीत त्या गेनला लगाम घालतो तो आपल्याच गाडीचा बंपर. ट्रान्समीटरची शक्ती १२ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबेल) धरा, आणि अँटेनांमधली थेट गळती व बंपरवरून परत येणारे प्रतिबिंब मिळून दोन्ही बाजूंमध्ये ३० डेसिबेलचेच आयसोलेशन उरते असे माना. मग एलएनएच्या तोंडाशी उणे १८ डीबीएम सतत उभे असतात. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या संध्याकाळच्या गर्दीत ३ मीटरवर थांबलेल्या, १० चौरस मीटर रडार क्रॉस सेक्शनच्या गाडीकडून, दोन्ही अँटेनांना १० डेसिबेल गेन धरून, साध्या रडार समीकरणाने जेमतेम उणे ५८ डीबीएम परत येतात. नको असलेला सिग्नल हव्या असलेल्याच्या दहा हजार पट मोठा असतो. पावसात बंपरवर पाण्याचा थर बसला की ते प्रतिबिंब आणखी वाढते, आणि मुंबईत जुलै महिन्यात ही काही अपवादाची स्थिती नव्हे.

आता गेन १५ डेसिबेल ठेवायचा की २०, हे ठरवू. एलएनएची नॉइज फिगर (सर्किट स्वतः किती नॉइज भरते त्याचे माप) ६ डेसिबेल आणि मागच्या, फ्रिक्वेन्सी खाली आणणाऱ्या मिक्सरची १४ डेसिबेल असेल, तर फ्रीसच्या सूत्राने १५ डेसिबेल गेनला एकूण नॉइज फिगर सुमारे ६.८ येते आणि २० डेसिबेल गेनला ६.३. या अर्ध्या डेसिबेलची किंमत अशी, की मिक्सरच्या तोंडाशी येणारी गळती उणे ३ डीबीएमवरून अधिक २ डीबीएमवर जाते, आणि मिक्सर कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे मोठ्या सिग्नलने गेन घटण्याच्या अवस्थेत, गेला की रडारला दूरची मोटारसायकल दिसेनाशी होते. म्हणून कागदावर गेनच्या आधी इनपुट कॉम्प्रेशनचा आकडा लिहा, आणि गेन त्यातून वजा करून काढा.

याच कागदावर तापमान लिहा. वाहनातल्या चिपसाठी एईसी-क्यू१०० या मानकाचा ग्रेड १ उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअस भोवतालचे तापमान मागतो, आणि जंक्शनचे तापमान त्याहून वर असते. नॉइज फिगरचे उद्दिष्ट २७ अंशांना लिहिलेले असेल तर ते पुरेसे नाही. १२५ अंशांचा आकडा वेगळ्या रकान्यात हवा.

दुसरा कागद प्रक्रियेचा, म्हणजे चिप कोणत्या तंत्रज्ञानात बनणार याचा. ट्रान्झिस्टरचा एफमॅक्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला त्याचा पॉवर गेन संपतो ती, कामाच्या फ्रिक्वेन्सीच्या निदान तिप्पट हवा, आणि तोही लेआउटची वजाबाकी केल्यावर. मॉडेलमध्ये ४०० गिगाहर्ट्झ एफमॅक्स दिसत असेल तर ७७ ला सुमारे १४ डेसिबेल गेनची आशा वाटते. वरच्या धातूपर्यंतची जोडणी धरल्यावर एफमॅक्स ३०० वर उतरतो आणि आशा १२ वर येते. मॅचिंगमधले नुकसान आणि बँडविड्थसाठी सोडलेला हिस्सा गेला की एका स्टेजला ६ ते ८ डेसिबेल हातात राहतात. या गणितात १३० नॅनोमीटरचे साधे सीमॉस बसत नाही, हे विद्यार्थ्यांना वारंवार सांगावे लागते, कारण ते मोफत मिळते म्हणून निवडलेले असते. मोफतच हवे असेल तर जर्मनीतल्या आयएचपी या संस्थेने १३० नॅनोमीटर सिलिकॉन-जर्मेनियम बायसीमॉसची डिझाइन किट मुक्त स्वरूपात दिली आहे. तिच्यातले ट्रान्झिस्टर या फ्रिक्वेन्सीला पुरून उरतात, आणि एनजीस्पाइस, केलेआउट, ओपनईएमएस या मोफत साधनांवर हा लेख वाचून होणारा सगळा सराव करता येतो.

तिसरा कागद धातूच्या थरांचा: प्रत्येक थराची जाडी, खालच्या ऑक्साइडची उंची, वाहकता आणि धातूच्या घनतेचे नियम. तांब्याची स्किन डेप्थ (पृष्ठभागापासून जितक्या खोलीत करंट वाहतो ती) ७७ गिगाहर्ट्झला सुमारे ०.२४ मायक्रॉन असते, त्यामुळे पातळ खालचे थर सिग्नलसाठी वापरू नयेत. हा कागद टेबलासमोर चिकटवून ठेवावा. तो दिवसातून दहा वेळा लागतो.

तपासणी: इनपुट कॉम्प्रेशन, १२५ अंशांची नॉइज फिगर, पट्ट्याची दोन्ही टोके आणि पुरवठ्याचा करंट, हे चार आकडे लिहिलेले नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: ट्रान्झिस्टरचा गाभा, लेआउटसकट

येथे अजून मॅचिंगचा विचारही करायचा नाही. आधी करंटची घनता ठरते. एन-मॉस ट्रान्झिस्टरमध्ये किमान नॉइज गेटच्या रुंदीच्या दर मायक्रॉनला सुमारे ०.१५ मिलिअँपिअरला मिळतो, कमाल एफमॅक्स सुमारे ०.२ ला आणि कमाल एफटी (करंट गेन एकावर येतो ती फ्रिक्वेन्सी) सुमारे ०.३ ला, आणि हे आकडे एका पिढीकडून दुसरीकडे जाताना फारसे हलत नाहीत, ही त्यांची मोठी सोय. एलएनएसाठी ०.१५ च्या आसपास राहा. एक मायक्रॉन रुंदीची गेटची ४० बोटे घेतली तर ६ मिलिअँपिअर होतात. सिलिकॉन-जर्मेनियम बायपोलरमध्ये अचूक आकडा मॉडेलवरून काढावा लागतो, पण दिशा तीच: नॉइजचा तळ एफटीच्या माथ्यापेक्षा बऱ्याच कमी करंटला सापडतो.

घनता ठरली की ट्रान्झिस्टरची रुंदी नॉइजच्या इष्टतम रेझिस्टन्सकडे पाहून ठरवा, जेणेकरून तो ५० ओहमच्या जवळ येईल. मग लगेच लेआउट करा: गेटला दोन्ही बाजूंनी जोडणी, ड्रेन आणि सोर्सच्या धातूंत शक्य तितके अंतर, आणि तिन्ही टर्मिनल सर्वांत वरच्या जाड धातूपर्यंत व्हायांच्या, म्हणजे थर जोडणाऱ्या उभ्या धातूंच्या, मनोऱ्याने वर आणलेले. या तुकड्याचे रेझिस्टन्स-कपॅसिटन्स एक्स्ट्रॅक्शन (लेआउटवरून हे दोन्ही काढणे) करून जो ट्रान्झिस्टर मिळतो, तोच यापुढे तुमचा ट्रान्झिस्टर; लायब्ररीतले चिन्ह विसरून जा.

इशारा: एक्स्ट्रॅक्शन कोणत्या धातूपर्यंत आणि ईएम, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक, सिम्युलेशन कोणत्या धातूपासून, ही हद्द लिहून ठेवा. ही हद्द न आखल्यामुळे वरच्या धातूचा कपॅसिटन्स एकदा एक्स्ट्रॅक्शनमध्ये आणि पुन्हा ईएममध्ये असा दोनदा मोजला जातो, किंवा व्हायांच्या मनोऱ्याचा इंडक्टन्स कुठेच मोजला जात नाही. पहिल्या चुकीत माथा सिम्युलेशनमध्ये खाली दिसतो आणि चिप वर येते, दुसरीत उलट.

तपासणी: लेआउटआधीचा आणि नंतरचा एफमॅक्स शेजारी शेजारी मांडा. घट तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त असेल तर लेआउट पुन्हा करा. मॅचिंगने ते नुकसान भरून निघत नाही.

## टप्पा २: ग्राउंड

सर्वांत दुर्लक्षित टप्पा हाच. स्किमॅटिकमध्ये ग्राउंडचे चिन्ह दहा ठिकाणी टाकले की ती दहा ठिकाणे एकच होतात. चिपवर त्यांच्यामध्ये धातू असतो आणि त्या धातूतून करंट परत येतो. प्रत्येक सिग्नल-रेघेखाली करंटची परतीची वाट कुठून आहे, हे लाल पेनाने छापील लेआउटवर काढा. मायक्रोस्ट्रिप वापरत असाल तर खालच्या धातूंचा एकसंध पट्टा, आणि नियमांमुळे त्यात छिद्रे पाडावी लागली तर ती रेघेच्या थेट खाली येऊ नयेत. एमिटर किंवा सोर्सपासून ग्राउंडपर्यंतच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला इंडक्टन्स वेगळा आणि नकळत शिरलेला वेगळा.

मुद्दाम ठेवायच्या इंडक्टन्सचा अंदाज सोपा आहे. इनपुटला ५० ओहमचा खरा भाग हवा असेल तर एफटीचा कोनीय वेग गुणिले इंडक्टन्स बरोबर ५०. एफटी २५० गिगाहर्ट्झ असेल तर ३२ पिकोहेन्री येतात. हा केवळ आरंभबिंदू आहे, कारण या फ्रिक्वेन्सीला बेस-कलेक्टर कपॅसिटन्स दुर्लक्षिता येत नाही. पण नकळत शिरलेले दहा पिकोहेन्री यात किती मोठा वाटा घेतील, हे त्यावरून लगेच दिसते.

डिकपलिंगचा, म्हणजे पुरवठा स्थिर ठेवणारा, कपॅसिटर जितका मोठा तितका बरा, ही आणखी एक जुनी सवय. एक पिकोफॅरडच्या कपॅसिटरला ५ पिकोहेन्रीची जोडणी लागली की त्याचा स्वतःचा रेझोनन्स ७१ गिगाहर्ट्झला येतो, आणि त्याच्या वर तो इंडक्टरसारखा वागू लागतो. म्हणून छोटा कपॅसिटर अगदी स्टबच्या, म्हणजे मॅचिंगसाठी काढलेल्या आखूड बाजूच्या रेघेच्या, टोकाला, आणि त्यामागे मोठे कपॅसिटर काही ओहमच्या रेझिस्टरसह. तो रेझिस्टर कमी फ्रिक्वेन्सीचे दोलन गिळतो.

## टप्पा ३: स्थैर्य, मॅचिंगच्या आधी

मॅचिंग जुळल्यावर स्थैर्य, म्हणजे सर्किट स्वतःहून दोलन करत नाही ना, हे पाहणारा डिझायनर स्वतःच्या आवडत्या आलेखाच्या प्रेमात पडलेला असतो आणि त्यात रेझिस्टर टाकायला त्याचे मन होत नाही. म्हणून स्थैर्य आधी.

एका स्टेजचा म्यू हा स्थैर्याचा गुणक शून्याजवळच्या फ्रिक्वेन्सीपासून थेट एफमॅक्सपर्यंत एकाच्या वर आहे का ते पाहा. फक्त ७६ ते ८१ मध्ये पाहून समाधान मानू नका. या अ‍ॅम्प्लिफायरचे बहुतेक खरे दोलन मी ३ ते ३० गिगाहर्ट्झमध्ये पाहिलेले आहे, जेथे ट्रान्झिस्टरचा गेन प्रचंड असतो आणि बायसच्या रेघा अँटेनासारख्या लोंबकळत असतात.

कॅसकोड (एकावर एक रचलेले दोन ट्रान्झिस्टर) वापरत असाल तर वरच्या ट्रान्झिस्टरच्या बेस किंवा गेटकडे खास लक्ष द्या. तेथून ग्राउंडपर्यंतचा थोडासा इंडक्टन्स खालच्या बाजूला ऋण रेझिस्टन्स म्हणून दिसतो. सिम्युलेशनमध्ये तेथे ५, १०, १५ पिकोहेन्री टाकून म्यू कसा घसरतो ते पाहा, आणि किती पिकोहेन्रीला तो एकाखाली जातो तो आकडा लेआउट करणाऱ्याला लेखी द्या.

डिफरन्शियल, म्हणजे दोन उलट सिग्नलांच्या, स्टेजमध्ये आडव्या जोडणीचे न्यूट्रलायझेशन कपॅसिटर गेट-ड्रेन कपॅसिटन्स रद्द करतात आणि गेन वाढवतात; पण त्यांची किंमत नेमकी गेट-ड्रेन कपॅसिटन्सच्या आसपास हवी. ती प्रक्रियेच्या फरकाने हलते, आणि जास्त झाली तर स्टेज उलट्या बाजूने अस्थिर होते. शिवाय ही युक्ती फक्त डिफरन्शियल सिग्नलला लागू पडते. कॉमन मोडला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सारख्या सिग्नलला, तेच कपॅसिटर फीडबॅकमध्ये भर घालतात. कॉमन मोडचे स्थैर्य स्वतंत्र सिम्युलेशनने तपासावे लागते.

इशारा: तीन स्टेजच्या साखळीचा एकूण के-फॅक्टर (म्यूसारखाच स्थैर्याचा गुणक) एकाच्या वर असला तरी आतल्या दोन स्टेजमध्ये दोलन होऊ शकते, कारण तो आकडा फक्त दोन टोकांवरून काढलेला असतो. प्रत्येक जोडाच्या सांध्यावर साखळी तोडून दोन्ही बाजूंचे रिफ्लेक्शन पाहा. त्यांचा गुणाकार एकाच्या जवळ आणि फेज शून्याच्या जवळ एकाच फ्रिक्वेन्सीला येत असेल तर तेथे दुरुस्ती हवी.

## टप्पा ४: मॅचिंग

आता कुठे मॅचिंग. दर स्टेजला ६ ते ८ डेसिबेल आणि उद्दिष्ट १५ डेसिबेल, म्हणून दोन स्टेज पुरतात की तीन लागतात ते १२५ अंशांच्या गेनवर ठरवा. ७६ ते ८१ चा पट्टा मध्य फ्रिक्वेन्सीच्या सुमारे साडेसहा टक्के रुंद आहे. तो फार रुंद वाटत नाही, पण प्रक्रियेतला फरक आणि तापमान यांसाठी दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन गिगाहर्ट्झ सोडा. सगळ्या स्टेज ७८.५ वरच जुळवण्यापेक्षा एक थोडी खाली आणि दुसरी थोडी वर ठेवल्याने माथा सपाट होतो, आणि सपाट माथा सरकला तरी पट्टा आतच राहतो.

पहिल्या स्टेजच्या इनपुटला जितके कमी धातू तितके चांगले. तेथे गेलेला प्रत्येक दशांश डेसिबेल थेट नॉइज फिगरमध्ये भरतो, म्हणून स्टबची सुंदर त्रिकोणी जाळी इनपुटला न ठेवता स्टेजच्या मध्ये ठेवा. इनपुट पॅडला ईएसडी, म्हणजे स्थिर विजेच्या धक्क्यापासूनचे, संरक्षण हवेच. ईएसडी डायोडचा कपॅसिटन्स सहन होत नसेल तर पॅडपासून ग्राउंडकडे जाणारा शॉर्ट स्टब किंवा ट्रान्सफॉर्मरची ग्राउंड केलेली प्रायमरी तेच काम करते आणि मॅचिंगमध्येही उपयोगी पडते.

## टप्पा ५: पॉवर अ‍ॅम्प्लिफायर असेल तर

येथे वेगळा विचार लागतो, आणि तो थोडक्यात सांगता येतो. आउटपुटला काँजुगेट मॅच (जास्तीत जास्त गेनची जुळणी) करू नका, लोडलाइन (ट्रान्झिस्टरला मिळणारे व्होल्टेज आणि करंट यांचे गणित) पाहा. ५० ओहममध्ये १३ डीबीएम, म्हणजे २० मिलिवॅट, हवे असतील आणि आउटपुटच्या जाळ्यात एक डेसिबेल जाणार असेल, तर ट्रान्झिस्टरने २५ मिलिवॅट द्यायला हवेत. एक व्होल्टच्या पुरवठ्यावर व्होल्टेजचा अ‍ॅम्प्लिट्यूड ०.७ व्होल्ट मिळाला, तर एका ट्रान्झिस्टरला सुमारे १० ओहमचा लोड लागतो. त्यालाच डिफरन्शियल केले की अ‍ॅम्प्लिट्यूड १.४ व्होल्ट होतो, लोड ३९ ओहमवर येतो आणि मॅचिंग जवळजवळ ट्रान्सफॉर्मरवरच भागते. या फ्रिक्वेन्सीचे बहुतेक पॉवर अ‍ॅम्प्लिफायर डिफरन्शियल का दिसतात, त्याचे एक मोठे कारण हे.

तपासणी: आउटपुटच्या धातूंतला डीसी करंट १२५ अंशांच्या इलेक्ट्रोमायग्रेशन (करंटने होणारी धातूची झीज) मर्यादेत आहे का? २७ अंशांच्या तक्त्यावरून रुंदी ठरवलेली रेघ वाहनात टिकत नाही.

## टप्पा ६: ईएम सिम्युलेशन

स्टब, वळणे, टी-जोड, कपॅसिटर यांचे वेगवेगळे ईएम करून नंतर सिम्युलेटरमध्ये जोडणे वेगवान असते, आणि पहिल्या फेरीसाठी ठीकही आहे. पण शेवटच्या फेरीत एका स्टेजचे संपूर्ण जाळे ग्राउंडसकट एकत्र सोडवा, कारण १५ मायक्रॉनवरचे दोन स्टब एकमेकांशी बोलतात आणि ते बोलणे तुकड्यांच्या सिम्युलेशनमध्ये ऐकू येत नाही.

सुरुवात नेहमी एका सरळ रेघेने करा. ज्या रेघेचा इंपिडन्स हाताने काढता येतो तिचे ईएम करा. उत्तर पाच टक्क्यांहून वेगळे आले किंवा ७७ गिगाहर्ट्झला दर मिलिमीटरला साधारण अर्धा ते एक डेसिबेल याहून फारच वेगळे नुकसान दिसले, तर थरांची फाइल, पोर्टची व्याख्या किंवा मेश चुकलेले आहे. ही अर्ध्या तासाची परीक्षा टाळून लोकांनी घालवलेले आठवडे मी पाहिले आहेत.

आणि डमी मेटल. धातूच्या घनतेचा नियम पूर्ण करण्यासाठी रिकाम्या जागेत छोटे चौकोन भरले जातात, आणि ते तुम्ही भरले नाहीत तर शेवटच्या क्षणी आपोआप भरले जातात. तेव्हा ते इंडक्टरच्या पोटातही जातात. रेघा आणि इंडक्टरभोवती भरणी-बंदीचा थर आधीच काढा, उरलेल्या जागेत स्वतः भरणी करा, आणि शेवटचे ईएम भरणीसकट करा.

## टप्पा ७: कॉर्नर आणि तापमान

या टप्प्यात शिकवण्यासारखे फार काही नाही, चिकाटी मात्र लागते. स्लो आणि फास्ट कॉर्नर (प्रक्रियेतल्या फरकाची दोन टोके), उणे ४० आणि १२५ अंश, पुरवठा वर-खाली पाच टक्के, आणि कपॅसिटर व धातूच्या जाडीचे कॉर्नर वेगळे. स्थिर करंटच्या बायसवर १२५ अंशांना गेन तीन-चार डेसिबेल सहज घसरतो. तापमानाबरोबर वाढणारा, म्हणजे पीटॅट, बायस दिला तर घसरण बरीच आवरते. स्थैर्याची तपासणी मात्र उणे ४० अंशांना आणि फास्ट कॉर्नरला करा, कारण गेन तेथेच सर्वांत जास्त असतो. गरम बाजूला नॉइज आणि थंड बाजूला दोलन, असे वाटून घेतले की काही सुटत नाही.

## टप्पा ८: पॅकेज आणि बोर्ड

चिप पॅकेजला जोडणारी बाँड-वायर दर मिलिमीटरला सुमारे एक नॅनोहेन्री आणते, ०.३ मिलिमीटरचीही ७७ गिगाहर्ट्झला १४५ ओहम दाखवते. म्हणून फ्लिप-चिप किंवा फॅन-आउट वेफर-लेव्हल पॅकेज घ्या, आणि सोल्डर-बॉल, त्याभोवतीचे ग्राउंड-बॉल व बोर्डवरची रेघ यांचे एकत्रित ईएम अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुट मॅचिंगमध्ये धरा. बोर्डासाठी रॉजर्स आरओ३००३ सारखे, ३.० डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटचे पातळ लॅमिनेट वापरले जाते. साधे एफआर४ वरच्या थराला चालणार नाही.

इशारा: चिप प्रोबवर मोजण्यासाठी बनवली आहे की पॅकेजमध्ये घालण्यासाठी, हे टप्पा ४ च्या आधी ठरलेले हवे. पॅडसाठी जुळवलेले इनपुट सोल्डर-बॉलला जुळत नाही.

## टप्पा ९: मोजमाप

मोजणीच्या दिवसाचा क्रम डिझाइनइतकाच कडक असावा.

आधी डीसी. पुरवठ्यावर करंटची मर्यादा लावा, प्रोब टेकवा, आणि मिळालेला करंट सिम्युलेशनशी ताडून पाहा. मग आरएफ प्रोब हळूच वर उचला आणि पुन्हा टेकवा. तेवढ्याने डीसी करंट हलला, किंवा बायसच्या केबलजवळ हात नेल्यावर मीटरचा शेवटचा आकडा नाचू लागला, तर चिप दोलन करते आहे. अशा चिपचे एस-पॅरामीटर (गेन आणि रिफ्लेक्शनचे आकडे) मोजण्यात अर्थ नाही. आउटपुट स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरला जोडून आधी ५० गिगाहर्ट्झपर्यंतचा भाग पाहा.

दुसरे, वेव्हगाइडचा पट्टा. डब्ल्यूआर-१० चे एक्स्टेंडर (मोजणीयंत्राची फ्रिक्वेन्सी वर नेणाऱ्या पेट्या) ७५ ते ११० गिगाहर्ट्झचे असतात. त्यांवर ७६ ते ८१ मोजता येते, पण माथा खाली सरकला असेल तर तो दिसतच नाही आणि गेन कमी आहे एवढाच चुकीचा निष्कर्ष निघतो. डब्ल्यूआर-१२, म्हणजे ६० ते ९०, मिळत असेल तर तोच घ्या.

तिसरे, शक्ती. एक्स्टेंडरमधून सुटणारी शक्ती शून्य डीबीएमच्या आसपास किंवा वरही असू शकते, आणि तुमचा एलएनए उणे १५ लाच कॉम्प्रेस होणार असतो. गेन चार डेसिबेल कमी आला म्हणून मॉडेलला दोष देणारे, अटेन्युएटर फिरवल्यावर गप्प झालेले मी पाहिले आहेत. प्रोबच्या टोकाशी उणे ३० डीबीएम किंवा कमी ठेवा, आणि शक्ती ५ डेसिबेलने आणखी घटवूनही गेन तोच राहतो याची खात्री करा.

चौथे, कॅलिब्रेशन. प्रोबच्या टोकापर्यंत एलआरआरएम किंवा टीआरएल या पद्धतींनी, आणि पॅडसाठी चिपवरच्या ओपन व शॉर्ट रचनांनी डीएम्बेडिंग, म्हणजे पॅडचा परिणाम वजा करणे. त्या रचना टेपआउटआधी, म्हणजे चिप बनवायला पाठवण्याआधी, चिपवर ठेवलेल्या नसतील तर आता काही करता येत नाही. कॅलिब्रेशन झाल्यावर प्रमाण-पट्टीवरची थ्रू रेघ पुन्हा मोजा, दर तासाला मोजा, आणि दिवसाच्या शेवटीही. एकदा मी एका प्रयोगशाळेत दुपारी कॅलिब्रेशन करून रात्रीपर्यंत मोजत बसलो होतो. सात वाजता इमारतीचे वातानुकूलन बंद झाले, खोली २३ वरून २८ अंशांवर गेली, केबल आणि एक्स्टेंडरची फेज वाहवली, आणि ७९ गिगाहर्ट्झला उगवलेल्या एका सुबक खड्ड्याचे कारण मी पहाटेपर्यंत चिपमध्ये शोधत राहिलो. सकाळी थ्रू रेघ मोजली तेव्हा खड्डा तिच्यातही होता.

थंड मोजमाप करणार असाल तर मुंबईच्या हवेचा हिशेब ठेवा. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. चक, म्हणजे चिप धरणारा मंच, उणे ४० वर नेण्याआधी त्याभोवतीच्या बंद कप्प्यात कोरडी हवा किंवा नायट्रोजन पुरेसा वेळ सोडला नाही, तर चिपवर आधी पाणी आणि मग बर्फ धरतो, आणि प्रोब त्यावर टेकतो. सूक्ष्मदर्शकात पॅड धुरकट दिसू लागला की तेथेच थांबा.

नॉइज फिगर वाय-फॅक्टरने (नॉइज सोर्स चालू आणि बंद असतानाच्या शक्तींच्या गुणोत्तराने) मोजताना नॉइज सोर्स आणि चिप यांमधल्या प्रोबचे नुकसान डेसिबेलला डेसिबेल वजा करावे लागते, त्यामुळे त्या नुकसानातली ०.३ डेसिबेलची चूक उत्तरात तशीच्या तशी उतरते. मागे बसवलेल्या रिसीव्हरचा वाटा दुसऱ्या स्टेजच्या दुरुस्तीने काढा. ईएनआर (सोर्सच्या जादा नॉइजचे माप) १२ डेसिबेलचा सोर्स आणि ६ डेसिबेलची चिप असेल तर वाय सुमारे ७ डेसिबेल यायला हवा. २ डेसिबेल आला तर मोजणी थांबवून जोडणी तपासा.

शेवटी, माथा दोन गिगाहर्ट्झ खाली मिळाला तर दुसऱ्या टेपआउटसाठी सगळ्या रेघा अडीच टक्के आखूड करण्याचा मोह होतो. त्याआधी चिपवरच्या सुट्या रचना मोजा: एक सरळ रेघ, एक एकटा ट्रान्झिस्टर त्याच्या वरच्या धातूसकट, एक डिकपलिंग कपॅसिटर. रेघ सिम्युलेशनशी जुळली आणि ट्रान्झिस्टर जुळला नाही, तर चूक टप्पा १ च्या हद्दीत आहे आणि रेघा आखूड करून ती फक्त झाकली जाईल. ट्रान्झिस्टर जुळला आणि कपॅसिटर जुळला नाही, तर टप्पा २ कडे परत जा. तिन्ही जुळले आणि अ‍ॅम्प्लिफायर तरीही खालीच असेल, तर भरणीसकट केलेल्या शेवटच्या ईएमची फाइल उघडा आणि तिची तारीख लेआउटच्या शेवटच्या बदलाच्या तारखेशी ताडून पाहा.